चार हजार पाचशे मीटर

“तिशे, टोपी कुठली घालू? नवी का धुतलेली?”

अण्णा स्वयंपाकघराच्या दारात दोन्ही हातांत दोन टोप्या घेऊन उभे होते. सकाळचे सव्वासहा वाजले होते. दाढी करून झालेली, गालावर एका ठिकाणी कापलेलं, त्यावर वर्तमानपत्राचा कपटा चिकटवलेला. मी तव्यावर धपाटे टाकत होते.

“नवी घाला की.”

“नवी कडक असते गं. फोटोत डोक्यावर डबा ठेवल्यासारखी दिसते.”

“मग धुतलेली घाला.”

“पण पद्मी म्हणेल, आज तरी नवी घालायची अण्णा.”

धपाटं उलटलं. धपाट्यांची फर्माईशही त्यांचीच होती. आदल्या संध्याकाळी म्हणाले होते, “तीळ जास्त घाल, पद्मीला आवडतात.” आई गेल्यापासून अकरा वर्षं मी त्या घरात दोन्ही वेळचा स्वयंपाक करत होते. मला काय आवडतं, हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. विचारावं असं त्यांच्या मनातच येत नसे. दुष्टपणा नव्हता तो. पोळपाट-लाटण्याला कुणी काही विचारतं का, तसं.

मी त्रिशला मगदूम, अण्णांची थोरली लेक. त्या वेळी त्रेचाळीस वर्षांची होते आणि भोजगिरीच्या विमानतळावर हवामान निरीक्षक म्हणून नोकरी करत होते. पद्मजा माझी धाकटी बहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. ती वैमानिक. त्या दिवशी बंगळूरहून येणारं सकाळचं विमान ती घेऊन येणार होती.

बरीच वर्षं ती विमान चालवत होती, पण भोजगिरीची फेरी तिच्या वाट्याला कधी आली नव्हती. पुढच्या आठवड्यात ती शारजाच्या एका कंपनीत रुजू व्हायला जाणार होती. जाण्याआधी एकदा तरी आपल्या गावात उतरायचं म्हणून तिनं ही एक फेरी वरिष्ठांकडून मागून घेतली होती. विमान नऊ वाजून दहा मिनिटांनी उतरणार, पंचवीस मिनिटं थांबणार आणि परत जाणार. तेवढ्या वेळात अण्णांना कुंपणाच्या आत, विमानाच्या शिडीपर्यंत जायची परवानगी मी विमानतळाच्या साहेबांकडून काढून ठेवली होती. मीच. अर्ज मीच लिहिला, सही मीच आणली.

आमचं भोजगिरी तसं जुनं शहर. डोंगरमाथ्यावरचं पठार, मधोमध तळं, तळ्याकाठी राजवाडा, पलीकडे गड. गावाबाहेरच्या माळावर संस्थानच्या काळात महाराजांनी धावपट्टी बांधून घेतली होती. पुढं कित्येक वर्षं तिथं मेंढरं चरायची. मग ती रुंद केली, छोटी इमारत झाली आणि दिवसाला पंख्यांची दोन-तीन विमानं येऊ लागली. पण धुक्यात विमान उतरवायची यंत्रं आमच्याकडे नव्हती. वैमानिकाला डोळ्यांनी धावपट्टी दिसली पाहिजे. त्यासाठी नियम होता, पाच हजार मीटरपर्यंतचं स्पष्ट दिसत असेल तरच उतरायचं. आणि किती दिसतंय हे ठरवायचं ड्युटीवरच्या निरीक्षकानं. म्हणजे त्या दिवशी मी.

सात वाजता आम्ही विमानतळावर पोचलो. विमानाला दोन तास होते, पण अण्णांनी घरी थांबायला नकार दिला. शेवटी नवीच टोपी घातली होती. एस.टी.त पस्तीस वर्षं कंडक्टर होते, त्यामुळे अनोळखी माणसाशी बोलायला त्यांना कसलं निमित्त लागत नसे. फाटकावरच्या बाबर नावाच्या जवानाला त्यांनी पाच मिनिटांत सगळा इतिहास सांगितला. मी त्यांना कुंपणाजवळच्या बाकावर बसवलं, धपाट्यांचा डबा मांडीवर दिला आणि वर गच्चीवर गेले.

नोव्हेंबरातली सकाळ. तळ्यावरून धुकं उठून माळावर पसरलं होतं. आमच्या कामात काही खुणा ठरलेल्या असतात. पाण्याची टाकी दीड किलोमीटरवर. सिद्धोबाच्या देवळाचं शिखर तीनवर. साखर कारखान्याची चिमणी बरोबर पाचवर. टाकी दिसली तर दीड हजार, शिखर दिसलं तर तीन हजार, चिमणी दिसली की पाच हजार. सोपं काम. सात वाजता टाकीसुद्धा दिसत नव्हती. आठला टाकी आली, साडेआठला शिखर. असल्या सकाळी नऊच्या सुमाराला चिमणी वर येते, हे मला सहा वर्षांच्या अनुभवानं माहीत होतं.

नऊला पाच मिनिटं कमी असताना मी पुन्हा गच्चीवर गेले. खाली अण्णांभोवती चार-पाच माणसं जमली होती. विमानानं जाणारे दोघं-तिघं, बाबर, चहावाला. अण्णांचा आवाज बसच्या मागच्या दारापर्यंत पोचायची सवय असलेला, गच्चीवर स्वच्छ ऐकू येत होता.

“एवढीशी होती. अंगणात चटई टाकून आभाळाकडं बघत झोपायची. मी तेव्हाच म्हटलं, ही पोरगी उडणार. बारावी झाली तशी मी स्वतः हैदराबादला नेऊन सोडली. लोक म्हणाले, मगदूम, येडा झालास काय? म्हटलं, होय, झालोय.”

अंगणात चटई टाकून आभाळाकडं बघत मी झोपायची. पद्मी तेव्हा पाळण्यात होती.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला मी विमान शिकवणाऱ्या संस्थेचा फॉर्म आणला होता. रात्री जेवताना अण्णांपुढे ठेवला. त्यांनी तो पाहिला आणि आईला म्हणाले, “उद्या जावयाला काय सांगायचं? बायको ढगात गेलीय, भात लावून घ्या?” सगळे हसले. मीही हसले. पुढं आईला अर्धांगवायू झाला आणि सात वर्षं ती अंथरुणाला खिळून राहिली. जावई यायचा राहूनच गेला. तोवर काळ बदलला, अण्णाही बदलले, आणि त्या बदललेल्या अण्णांची मुलगी व्हायचं भाग्य पद्मीला मिळालं.

“आणि गच्चीवर उभ्या आहेत त्या मॅडम पण तुमच्याच ना?” बाबरनं विचारलं. 

अण्णांनी मान वर करून पाहिलं. डोळ्यांवर हात धरला.

“ती होय? ती थोरली. हवामानात आहे. ती काय, असतीच हितं.”

आणि ते लगेच पुढं सांगू लागले, की पद्मजाच्या खांद्यावर चार पट्ट्या असतात आणि चार पट्ट्या म्हणजे कॅप्टन.

मी कारखान्याच्या दिशेला पाहिलं. चिमणी दिसत होती. बुंधा धुक्यात होता, पण वरचा लाल-पांढरा भाग दिसत होता. धूरही दिसत होता. 

खाली येऊन मी नोंद केली. चार हजार पाचशे.

नेहमीच्याच अक्षरात लिहिलं. टॉवरला कळवलं. टॉवरवर त्या दिवशी इनामदार नावाचे नियंत्रक होते. आमच्याकडे बदली होऊन त्यांना महिनाही झाला नव्हता. दोन मिनिटांत त्यांचा फोन आला.

“मॅडम, चार हजार पाचशेच?”

“हो.”

“मला इथून चिमणी दिसतेय असं वाटतंय हो.”

“वाटतंय का दिसतेय?”

ते घोटाळले. “म्हणजे... अंधुक काहीतरी आहे.”

“इनामदार, अंधुक काहीतरी लिहून चालत नाही. मला दिसेल तेव्हा मी पाच लिहीन.”

“बरोबर आहे. बरोबर आहे तुमचं,” ते म्हणाले. मी तिथली जुनी होते.

आमच्या खोलीत टॉवरचं बोलणं ऐकू येणारा एक छोटा स्पीकर होता. नऊ बारा झाले असतील. त्यातून पद्मीचा आवाज आला. मी तिला कधी कामावर बोलताना ऐकलं नव्हतं. घरी ती भरभर बोलायची, मध्येच हसायची. हा आवाज वेगळा, संथ, खालच्या पट्टीतला. इंग्रजीत तिनं विचारलं, किती दिसतंय? इनामदारांनी सांगितलं. ती म्हणाली, ठीक आहे, आम्ही वरच घिरट्या घालतो, वीस मिनिटं थांबता येईल.

मग विमानाचा आवाज आला. धुक्याच्या वरून, गडाच्या बाजूनं तळ्याकडं. खिडकीतून मला अण्णा दिसले. ते बाकावरून उठले होते. डबा काखेत धरून, मान मागं टाकून आभाळाकडं बघत होते. “आली! वर आहे! आवाज ऐका!” टोपी काढून त्यांनी हलवायला सुरुवात केली. काही दिसत नव्हतं, तरी हलवत होते. विमान लांब गेलं की थांबायचे, जवळ आलं की पुन्हा हलवायचे. ऐंशीला टेकलेला माणूस.

नऊ वीसला पुन्हा फोन.

“मॅडम, त्या विचारतायत, पुढच्या दहा मिनिटांत उघडेल का? तसं असेल तर थांबतील. नाहीतर पुण्याला वळवतील.”

मी फोन हातात धरून खिडकीबाहेर पाहिलं. ऊन पडायला लागलं होतं. गच्चीवर जायची गरजच नव्हती, माळाच्या टोकाची बाभळीची झाडंसुद्धा एकेक मोजता आली असती. आता पाच लिहिलं असतं तर कुणी काही म्हटलं नसतं. मघाशी नव्हतं, आता आहे. असं रोज होतं.

“आज लवकर उघडेल असं वाटत नाही,” मी म्हणाले.

पहिल्या नोंदीबद्दल मी पुढं पुष्कळ दिवस स्वतःला समजावलं, की काठावरचं होतं, दुसरा कुणी असता तर त्यानंही साडेचारच लिहिलं असतं. या वाक्याबद्दल मला कधीच काही समजावता आलं नाही.

स्पीकरमध्ये क्षणभर खरखर झाली. मग पद्मीनं शांतपणे सांगितलं, की ती पुण्याला जाते आहे. धन्यवाद म्हणाली. आवाज डोंगरापलीकडे विरत गेला.

मी खाली उतरले. अण्णा कुंपणाच्या जाळीला धरून उभे होते. टोपी हातातच होती.

“वळून येतीय ना गं?”

“नाही अण्णा. पुण्याला गेली.”

“पुण्याला? का?”

“धुकं होतं. खालचं दिसत नव्हतं.”

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता ओरडतील. थोडं थांबाय सांगायचं होतंस, एवढं पण जमलं नाही तुला, असं काहीतरी. तसं म्हणाले असते तर फार बरं झालं असतं. मी सगळं घेऊन तयार होते, वीस-बावीस वर्षांचं.

“दिसत नव्हतं?” त्यांनी हळूच विचारलं.

“नव्हतं.”

“आणि तू सांगितलंस, उतरू नको म्हणून?”

“मी नोंद दिली. तीच बघून ठरवतात.”

अण्णांनी डबा बाकावर ठेवला. माझा उजवा हात त्यांच्या दोन्ही हातांत घेतला. त्यांचे तळवे गार होते.

“लई मोठं काम केलंस पोरी,” ते म्हणाले. “दुसरी असती तर म्हणाली असती, बाप बसलाय आस लावून, येऊ दे खाली, काय होतंय. आणि पोरगी आपटली असती माझी. माणसं होती गं आत, पन्नास-साठ. तू होतीस म्हणून.” मग ते वळले आणि जवानाला मोठ्यांदा म्हणाले, “ओ बाबर! ह्या माझ्या थोरल्या लेकीनं विमान थांबवलं! सख्खी भन वर होती, तरी नाही म्हणाली!”

बाबरनं मला सॅल्यूट ठोकला. गमतीनं नाही, खरोखर.

तोवर धुकं पार गेलं होतं. कारखान्याची चिमणी कुणालाही दिसली असती. अण्णांनी तिकडं पाहिलंच नाही.

त्या संध्याकाळी पद्मीचा फोन आला तो अण्णांनीच घेतला. वीस मिनिटं बोलत होते. मी आत भाजी चिरत होते, त्यांची बाजू तेवढी ऐकू येत होती. “अगं, तुझी आक्का साधी बाई नाही... मला एवढी वर्षं कळलंच नाही... मी बसलो होतो टोपी घालून, ती एका शब्दानं ढळली नाही...” मग त्यांनी मला हाक मारून फोन दिला.

“आक्का, बरी आहेस ना?” पद्मी म्हणाली.

“हो. तू?”

“मी बरी आहे.” तिकडं पेला ठेवल्याचा आवाज आला. “ठेवते मग.”

पुढच्या आठवड्यात ती परस्पर शारजाला गेली.

अण्णांनी ती हकिगत गावभर केली. बाजारात, जैन बस्तीत पूजेच्या वेळी, जुन्या कंडक्टरांच्या कट्ट्यावर. “एक पोरगी विमान चालवती. दुसरी थांबवती.” खोटं कशाला सांगू, सुरुवातीचे काही दिवस मला ते गोड लागलं. जन्मभर ज्या खुर्चीकडं बघत होते तिच्यावर कुणी आणून बसवल्यासारखं. अण्णा माझ्यासोबत बाजारात येऊ लागले. एकदा पिशवी धरून उभे असताना त्यांनी विचारलं, “तुला कुठली भाजी आवडती गं तिशे?” मला एकही नाव आठवेना. भाजीवाली माझ्याकडं बघत राहिली. शेवटी मी म्हणाले, “काहीही घ्या,” आणि घरी येऊन न्हाणीघरात नळ सोडून रडले. हवं होतं ते सगळं मिळत होतं आणि प्रत्येक घासाला मला ती लाल-पांढरी चिमणी दिसत होती.

सांगायचं कितीदा ठरवलं. एकदा तर “अण्णा, त्या दिवशी” इथपर्यंत आलेही. ते म्हणाले, “कुठल्या दिवशी? विमानाच्या?” आणि इतके खुलले की मी दुसरंच काहीतरी विचारलं.

पद्मीला नव्या नोकरीत रजा मिळेना. आज येते, उद्या येते, असं करत चौदा महिने गेले. जानेवारीत अण्णांना न्यूमोनिया झाला आणि तीन दिवसांत ते गेले. पद्मी आली तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्याआधी ती घरी येऊन गेली होती त्याला अडीच वर्षं झाली होती. म्हणजे तिनं अण्णांना शेवटचं पाहिलं ते अडीच वर्षांपूर्वी. त्यानंतर एकदाच ती त्यांच्यापासून हजार-दीड हजार फुटांवर आली होती.

चौथ्या दिवशी दुपारी पाहुणे पांगले. आम्ही दोघी स्वयंपाकघरात भांडी पुसत होतो. मी म्हणाले, “पद्मी, त्या दिवशी चिमणी दिसत होती.”

तिनं पुसलेलं ताट मांडणीत लावलं.

“माहितीय,” ती म्हणाली.

“कसं?”

“आम्ही वळलो तेव्हा सगळी धावपट्टी दिसत होती. गडाची तटबंदी दिसत होती. वरून खाली दिसतं तेवढं खालून आडवं दिसत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून आधी वाटलं, तुझी नोंद खरी असेल. पण तू सांगितलंस ना, लवकर उघडणार नाही म्हणून? त्या वेळी ऊन पडलेलं मी बघत होते आक्का.”

मला तिच्याकडं बघवेना. “अण्णांना का नाही सांगितलंस?”

“सांगायलाच फोन केला होता. पुण्याच्या हॉटेलातून. वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं होतं.” ती फडक्याची घडी घालत होती, मोडत होती. “पण ते बोलायलाच देईनात. आक्कानं असं केलं, आक्कानं तसं केलं. वीस मिनिटं. माझ्याबद्दल ते लोकांना सांगायचे, ते मी ऐकलंय. ते सगळं चार पट्ट्यांचं, विमानाचं. पण त्या दिवशी ते तुझ्याबद्दल बोलत होते ना, तसं माझ्याबद्दल कधी बोलले नाहीत. मी उतरले असते तरी बोलले नसते. आयुष्यात पहिल्यांदा मला तुझा हेवा वाटला. इतका, की सांगून टाकावं आणि मोडून टाकावं त्यांचं सगळं, असं वाटलं.”

“मग?”

“मग काय. म्हातारा माणूस फोनवर रडत होता आनंदानं.”

तिनं फडकं ओट्यावर ठेवलं.

“माफ केलं असं मी म्हणणार नाही,” ती म्हणाली. “ते टोपी हलवत होते, असं बाबरनं मला परवा सांगितलं. ते मला दिसायला हवं होतं.”

मी मान हलवली.

इतक्यात बाहेर चपला वाजल्या. भरमाप्पा आले होते. अण्णांबरोबरचे जुने ड्रायव्हर, ते तर पंच्याऐंशीचे. आम्ही दोघी बाहेर येऊन बसलो. ते पद्मीकडं बघून म्हणाले, “तू धाकटी नव्हं? विमानवाली? तुझ्या बापानं शंभरदा सांगितलंय मला. थोरली नसती तर त्या दिवशी काही खरं नव्हतं तुझं. एवढं धुकं होतं म्हणं?”

मी सांगायला तोंड उघडलं. खरंच उघडलं. निदान त्या एका माणसाला तरी.

पद्मीनं माझ्याकडं न बघता माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तो हात मऊ नव्हता. घट्ट दाबून धरल्यासारखा होता.

“हो काका,” ती म्हणाली. “मी वरच होते ना. खालचं काही म्हणजे काही दिसत नव्हतं.”

भरमाप्पांनी समाधानानं मान डोलावली. मी चहा ठेवायला म्हणून उठू लागले, तर तिनं हात काढला नाही.

“तू बस आक्का,” ती म्हणाली. “ऐक ते काय सांगतायत ते. मी करते चहा.”